छाप कोणाची?

वाचन : प्रेषितांची कृत्ये १०:१-४८; गलतीकरांस पत्र २:११-१४; मत्तय २२:१५-२२



आपल्या मराठी मंडळ्या बेळगावपासून इंदूरपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत विखुरलेल्या आहेत. एका गावचा सभासद बदलीमुळे किंवा लग्नकार्याच्या निमित्ताने दुसऱ्या गावच्या मंडळीत गेला म्हणजे पहिल्याच रविवारी त्याच्या ध्यानात येते की, पवित्र शास्त्र तेच, गीतेही बहुतेक तीच, पण रीती मात्र निराळ्या. कोठे चपला बाहेर काढून चटईवर बसतात, कोठे बूट घालून बाकावर बसतात. कोठे प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर न घेणारी बाई उद्धट समजली जाते, तर कोठे पदराकडे कोणाचे लक्षही जात नाही. कोठे पुरुष एका बाजूस व स्त्रिया दुसऱ्या बाजूस बसतात, तर कोठे सगळे कुटुंब एकाच बाकावर बसते. लग्नात कोठे मंगळसूत्र, कोठे अंगठी, कोठे दोन्हीही. नवरीची साडी पांढरी असावी असा आपल्यात पुष्कळ ठिकाणी प्रघात आहे. त्याच गल्लीतील शेजारणीला मात्र पांढरे वस्त्र ही वैधव्याची खूण वाटते. आणि पांढऱ्या पोशाखाची ही चाल तरी किती जुनी? इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिने १८४० साली आपल्या लग्नात पांढरा पोशाख घातला, त्यानंतर ती पाश्चात्त्य देशांत रूढ होत गेली आणि पुढे आपल्याकडेही आली.

या गोष्टी लहान आहेत आणि त्यांवरून कोणी कोणाशी कायमचे भांडत नाही. परंतु याच सवयीतून पुढे एक मोठी गोष्ट निघते. आपल्या रीतीप्रमाणे जो वागत नाही त्याला आपण नावे ठेवतो. "मुलगा हाताबाहेर गेला", "बाई चांगल्या चालीची नाही", "ते घराणेच तसले" असे शब्द उपासना संपवून दाराबाहेर पडता पडता आपल्या कानांवर येतात. समाजशास्त्राच्या पुस्तकांत याला 'विचलन' म्हणतात. म्हणजे समाजाने आखून दिलेल्या वाटेवरून बाजूला जाणे. या महिन्यात आपण याच विषयावर पवित्र शास्त्राच्या प्रकाशात थोडा विचार करू या. जो बाजूला गेला त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावयास हवेत. ती वाट कोणी आखली? आणि बाजूला गेलेल्या माणसावर छाप कोणाची आहे?

१. वाट कोणी आखली?

फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक कल्पना मांडली आहे. सगळेच संत राहत आहेत असा एखादा मठ आहे असे समजा, असे ते म्हणतात. तेथे खून-दरोडे पडणार नाहीत. पण म्हणून तेथे कोणी अपराधी ठरणार नाही असे मात्र नाही. बाहेरच्या जगात ज्या बारीकशा चुकीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, तीच चूक तेथे मोठा गुन्हा ठरेल. पुढे १९६३ साली अमेरिकेतील हॉवर्ड बेकर यांनी असे दाखविले की, समाज नियम करतो, तो नियम काही विशिष्ट माणसांना लावतो आणि त्यांना बाहेरचे ठरवितो. विचलन म्हणतात ते यातून घडत असते. या विद्वानांचे सर्वच म्हणणे आपण स्वीकारू असे नाही. परंतु ज्याने मंडळीच्या पंचांच्या सभा पाहिल्या आहेत, तो संतांच्या मठाची गोष्ट खोटी म्हणणार नाही.

आपल्या सर्वांच्या आदरास पात्र असलेल्या पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे उदाहरण घेऊ. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले. आज एखाद्या नवऱ्याने बायकोला शिकविले तर लोक त्याचे कौतुक करतात. त्या काळी मात्र हा धर्माविरुद्ध अपराध समजला गेला आणि शास्त्रीबोवांना उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे आपल्या करणीचे समर्थन करावे लागले. मुलीलाही त्यांच्या घरात संस्कृत शिकविले गेले. पुढे १८८० साली रमाबाईंनी परजातीच्या बंगाली गृहस्थांशी विवाह केला. हा दुसरा अपराध. १८८२ साली त्या विधवा झाल्या, आणि विधवा असून पुण्यात येऊन सभांतून बोलू लागल्या; हा तर त्याहून मोठा अपराध.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता तरी अपराधांची यादी संपावयास हवी होती. पण तसे झाले नाही. रमाबाई मांस-मासे खात नसत, तेव्हा त्यांच्यात जातीचा अभिमान अजून शिल्लक आहे अशी शंका तेथील हितचिंतक भगिनींना येऊ लागली. चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी पुरुषांनाही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकविणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. रमाबाईंनी पत्रे लिहून नम्रपणे, पण ठामपणे आपली बाजू मांडली. ख्रिस्ताची आज्ञा त्यांना शिरसावंद्य होती; परंतु इंग्लंडची चाल आणि ख्रिस्ताची आज्ञा यांत त्या फरक करीत होत्या. तो पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

येथे थोडे थांबून विचार करू. एकच बाई, तिचे एकच विवेकशील मन. उडुपीच्या सभेचे माप निराळे, पुण्याचे निराळे, वाँटेजचे निराळे. प्रत्येक मापाने ती कोठे ना कोठे आडवी गेलेली ठरली. आणि आज आपण तिचे फोटो शाळांतून लावतो, तिने मूळ भाषांवरून केलेले मराठी पवित्र शास्त्र अभिमानाने दाखवितो. ती होती तशीच होती, माप बदलले.

कधी कधी तर माणूस सरळ चालत असतो आणि वाटच वाकडी असते. अमेरिकेत १८५० साली पळून गेलेल्या गुलामांसंबंधी कायदा झाला. त्याप्रमाणे पळून आलेल्या गुलामाला घरात आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा होती. म्हणजे उपाशी, भेदरलेल्या माणसाला दार उघडणारा ख्रिस्ती मनुष्य कायद्याने गुन्हेगार, आणि कुत्री घेऊन त्याच्या मागावर निघालेला मालक सभ्य गृहस्थ! मंडळ्या तरी एकमताच्या होत्या काय? गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४४ साली तेथील मेथोडिस्ट मंडळीत व १८४५ साली बाप्टिस्ट मंडळीत फूट पडली. दोन्हीकडे पवित्र शास्त्र तेच होते, दोन्हीकडे रविवारी प्रार्थना होत होती. १८६५ साली गुलामगिरी राज्यघटनेने बंद झाली आणि कालचे कायदेभंग करणारे आज देवभीरू म्हणून ओळखले जातात.

२. मग पाप असे काही नाहीच काय?

येथे एखादा वाचक दचकून विचारील, "सगळ्या रीती बदलत्याच असतील, तर पाप-पुण्य तरी कोठे राहिले? ज्याला जे बरे वाटेल ते त्याने करावे काय?" हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

प्रभू येशूने याचे उत्तर दिलेले आहे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात परुशी व शास्त्री तक्रार घेऊन आले की, तुझे शिष्य हात न धुता जेवतात. यात आरोग्याचा प्रश्न नव्हता. वाडवडिलांच्या संप्रदायाचा होता. प्रभूने त्यांच्यापुढे उलट त्यांचाच व्यवहार ठेवला. आईबापांच्या पोषणासाठी असलेला पैसा 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे एकदा म्हटले की मुलगा जबाबदारीतून मोकळा होतो, असे ते शिकवीत होते. न धुतलेले हात त्यांना दिसले, पण घरातील उपाशी म्हातारी आई दिसली नाही. रीत सांभाळली आणि आज्ञा मोडली.

तेव्हा रीत आणि आज्ञा या दोन निराळ्या वस्तू आहेत. रीत देशाप्रमाणे व काळाप्रमाणे बदलते. देवावर सर्व अंतःकरणाने प्रीती करावी आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करावी, ही आज्ञा बदलत नाही. खोटी साक्ष बेळगावात पाप आहे आणि लंडनमध्येही पाप आहे. मजुराची मजुरी बुडविणे मोशेच्या काळी पाप होते, याकोबाने पत्र लिहिले तेव्हा पाप होते आणि आजही आहे. बायकोला मारणे ही एखाद्या वस्तीत रोजची रीत असेल, तेवढ्याने ते पाप नव्हे असे होत नाही. सती जाण्याची चाल प्रतिष्ठित होती. १८२९ साली ती कायद्याने बंद झाली, पण देवाच्या दृष्टीने ती त्या वर्षीच वाईट ठरली असे नव्हे. बहुतेक लोक करतात म्हणून गोष्ट चांगली होत नाही, आणि बहुतेक लोक करीत नाहीत म्हणून ती वाईटही होत नाही. पौलाने रोमकरांस सांगितले की या युगाच्या साच्यात आपल्याला ओतून घेऊ नका; तेव्हा त्याचा बोध दोन्ही बाजूंनी लागू पडतो.

मग एखाद्याचे वागणे खटकले तर आपण काय करावे? तीन प्रश्न विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न : या वागण्याने कोणाला दुखापत झाली काय? कोणाचा हक्क, अब्रू, भाकर किंवा विश्वास हिरावला गेला काय? की केवळ आपले डोळे दुखले?

दुसरा प्रश्न : हे देवाच्या वचनाने सर्व देशांतील लोकांना मना केले आहे काय, की केवळ आपल्या गल्लीत ते आजवर झालेले नाही?

तिसरा प्रश्न : हा नियम आपण सर्वांना सारखा लावतो काय? योहानाच्या आठव्या अध्यायात व्यभिचारात धरलेली बाई येशूपुढे आणली गेली. लेवीय २०:१० पाहा. नियमशास्त्रात पुरुष व स्त्री या दोघांनाही दोषी म्हटले आहे. मग तो पुरुष कोठे होता? धरले दोघांना, आणले एकीला. नियम देवाचा होता, पण तो लावणारे हात पक्षपाती होते. गरिबाच्या मुलाने दारू घेतली की पंच बसतात, आणि मोठी वर्गणी देणाऱ्याने घेतली की "प्रकृतीसाठी घेतात" असे म्हटले जाते. असे जेथे होते तेथे आज्ञेचा मान राखला जात नाही. माणसाचे तोंड पाहून न्याय होतो.

प्रभूने त्या बाईला दोषी ठरविले नाही, पण पुन्हा पाप करू नको असेही सांगितले, हे आपण विसरू नये. पापाला पाप म्हणण्याचे त्याने सोडले नाही. परंतु पाप म्हणजेच ती बाई, असे मात्र त्याने मानले नाही. येथून आपण तिसऱ्या मुद्द्याकडे येतो.

३. माणसावर मारलेला शिक्का

कृत्याला नाव देणे निराळे आणि माणसावर शिक्का मारणे निराळे. हे आपल्याच देशातील एका कायद्यावरून चांगले समजते.

१८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ साली त्यात फेरबदल झाल्यावर मुंबई व मद्रास इलाख्यांतही त्याचा अंमल होऊ लागला. कैकाडी, कंजारभाट, भामटा, पारधी अशा पुष्कळ जमाती त्याखाली आल्या. आपल्याकडे सुतार, लोहार, कुंभार हे धंदे बापाकडून मुलाकडे जातात. तसाच गुन्हा हाही काही जातींचा वंशपरंपरागत धंदा आहे, अशी राज्यकर्त्यांची समजूत होती. एखादा मनुष्य जन्माला आला तोच अमुक जमातीत, तेवढ्यावरून तो गुन्हेगार! त्याने काही चोरले की नाही, हा प्रश्न नंतरचा.

या लोकांपैकी पुष्कळांचा पूर्वीचा धंदा फिरतीचा होता. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून ते गावोगाव विकीत. रेल्वे व पक्के रस्ते आल्यावर तो धंदा बसला. कोणी शिकार करी, कोणी टोपल्या विणी, कोणी कसरतीचे खेळ करी. घर एका जागी नाही, शेत नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. स्थिर गावाच्या मापाने पाहिले तर फिरणारा मनुष्य हाच संशयित. कायद्याने त्यांची नावे नोंदविली, बोटांचे ठसे घेतले, ठरलेल्या वेळी हजेरी देणे भाग पाडले. परवान्याशिवाय दुसऱ्या गावी जाता येईना. मुलांना आईबापांपासून काढून वेगळे ठेवण्याचीही तरतूद होती. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग येथे तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या.

यात मंडळीचाही संबंध आला होता. उत्तरेकडे मुक्तिफौजेने अशा वसाहती चालविल्या. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या देखरेखीखाली होती. शाळा निघाल्या, विणकाम व गिरणीकाम मिळाले, आजाऱ्यांची शुश्रूषा झाली. ती सेवा मनापासूनची होती आणि ती आपण कमी लेखू नये. परंतु कुंपण तसेच राहिले. कुंपणाच्या आत भाकर आणि पाटी-पेन्सिल पोहोचली. पण हा मनुष्य मुळात गुन्हेगार आहे की नाही, हे विचारणारे फार थोडे निघाले. दया करणाऱ्याच्या मनातही शिक्का तसाच राहू शकतो, हे आपण यावरून शिकावे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले. पण कागदावरचा शिक्का पुसला म्हणून लोकांच्या मनातला पुसला जातो असे नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा अशा शिक्क्याखाली जगणे म्हणजे काय हे सुशिक्षित मराठी वाचकांना जवळून कळले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला, तेव्हा विमुक्त जमातींच्या लोकांना सवयीचे गुन्हेगार मानणारी कलमेही त्यात निघाली. म्हणजे कायदा जाऊन ७२ वर्षे झाली तरी शिक्का कोठे कोठे शिल्लक होताच!

याच १८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग आपल्याला फारसा ठाऊक नसतो. त्यात आज ज्यांना आपण तृतीयपंथी म्हणतो त्यांची नावे नोंदविण्याची आणि त्यांनी स्त्रीवेष करून रस्त्यात नाचगाणे केल्यास शिक्षा करण्याची तरतूद होती. त्यांच्यासाठी पवित्र शास्त्रात काही आहे काय? आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात षंढाला मंडळीत येण्याची मनाई होती. पण यशयाच्या छप्पनाव्या अध्यायात परमेश्वर त्याला आपल्या घरात जागा आणि कधी न मिटणारे नाव देण्याचे वचन देतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायात, रथात बसून यशया वाचीत असलेला कूशी देशाचा अधिकारी फिलिप्पाला वाटेत भेटतो. बाप्तिस्मा घेण्यास आपल्याला काय अडचण आहे, असे तो विचारतो. फिलिप्पाने अडचणींची यादी सांगितली नाही. दोघेही पाण्यात उतरले.

४. पेत्र काय शिकला आणि काय विसरला

आता आपल्या वाचनाकडे वळू. पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांना हात लावावा लागत असल्यामुळे हा धंदा यहूदी लोकांत हलका समजला जात असे. म्हणजे देवाने पेत्राला कर्नेल्याच्या घरापर्यंत एकदम नेले नाही. आधी चामड्याच्या वासाच्या घरात मुक्काम करविला. मग धाब्यावर प्रार्थना करीत असताना त्याला चादरीचा दृष्टांत झाला. लहानपणापासून ज्यांना तो अशुद्ध म्हणत आला होता ते प्राणी मारून खा, असे त्याला तीन वेळा सांगण्यात आले. पेत्र नाही म्हणाला. देवाला 'नाही' म्हणताना आपण धर्म पाळीत आहो, असे त्याला मनापासून वाटत होते!

दुसऱ्या दिवशी तो कैसरियाला जाण्यास निघाला आणि रोमी शताधिपती कर्नेल्य याच्या उंबरठ्याच्या आत गेला. तेव्हा त्याला दृष्टांताचा अर्थ कळला. देवाने दाखविले ते जनावरांपुरते नव्हते. कोणाही माणसाला अशुद्ध म्हणावयाचे नाही, हा त्याचा अर्थ होता.

येथे गोष्ट संपली असती तर आपल्याला सोपे झाले असते. पण गलतीकरांच्या दुसऱ्या अध्यायात पुढचा भाग आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता. इतक्यात यरुशलेमेकडून काही माणसे आली. ती पाहताच तो हळूच उठला आणि वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी उठले. बर्णबासारखा मनुष्यही वाहवला. पेत्राचे मत बदलले होते काय? नाही. त्याला आपल्या लोकांची भीती वाटली. 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांनी चादरीच्या दृष्टांतावर मात केली. तेव्हा पौलाने सर्वांच्या देखत त्याला दोष दिला, कारण पंगत मोडली की शुभवर्तमानच मोडते.

आपल्या मंडळ्यांत शिकवणीचा तोटा नाही. सर्व मनुष्ये देवाची लेकरे आहेत, हे आपण सगळेच सांगतो. खरी परीक्षा यरुशलेमेची माणसे आल्यावर होते. मुलीला स्थळ पाहताना, पंच निवडताना, प्रीतिभोजनाला कोणाच्या शेजारी बसावे हे ठरविताना ती होते. सोयरीक जुळविताना, "पूर्वीचे कोणते लोक?" असा प्रश्न अजून हळूच विचारला जातो. ज्याच्यावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले, त्याच्या आजोबांच्या जातीची चौकशी आपण कोणत्या शास्त्राच्या आधाराने करतो?

५. शब्बाथ शाळेतील मूल

शब्बाथ शाळेच्या शिक्षकबंधूंना व भगिनींना आम्हाला विशेष विनंती करावीशी वाटते. शिक्का बहुतेक वेळा लहानपणीच बसतो, आणि तो मारणारा हात बहुतेक वेळा मोठ्या माणसाचा असतो.

समजा, वर्गाच्या दानाच्या डब्यातून पन्नास रुपये नाहीसे झाले. वर्गात वीस मुले आहेत. त्यांत पाळकांचा मुलगा आहे, बँकेतील साहेबांची मुलगी आहे आणि गावाबाहेरच्या पालांतून येणारा एक मुलगा आहे. आपली नजर प्रथम कोणाकडे वळते? कोणाचा खिसा आधी तपासला जातो? आणि मागाहून ते पन्नास रुपये वहीतच सापडले, तर त्या मुलाजवळ जाऊन आपण काय बोलतो? मुले वचन पाठ करतात ते कदाचित विसरतील. पण पहिली नजर कोणाकडे गेली हे ती विसरत नाहीत. ज्याला रोज चोर म्हणतात, त्याला एक दिवस वाटते, चोर म्हणवून घेतोच आहो तर चोरी करण्यात काय वाईट? मग आपण म्हणतो, "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो!"

प्रभूची रीत याच्या उलट होती. सगळे यरीहो गाव जक्कयाला पापी म्हणत होते, आणि ते खोटेही नव्हते. त्याने लोकांना नाडले होते. पण प्रभूने त्याला नावाने हाक मारली, त्याच्या घरी उतरला आणि त्याला अब्राहामाचा पुत्र म्हटले. शिक्क्याच्या जागी त्याचे खरे नाते ठेवले. जक्कयाने पैसे परत देण्याची गोष्ट काढली ती कोणी पंच बसवून नव्हे. आपण कोणाचे आहो हे कळल्यामुळे. शिमोन परुश्याच्या घरीही तसेच झाले. पायांशी रडत असलेली बाई सगळ्यांना दिसत होती. तरी प्रभूने यजमानाला विचारले की, ही बाई तुला दिसते काय? शिमोनाला तिच्यावरचा शिक्का दिसत होता. बाई दिसत नव्हती.

तेव्हा मुलाला शिस्त लावावी, चुकले तर चुकले असे स्पष्ट सांगावे. "तू खोटे बोललास" हे सांगणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. "तू खोटारडा आहेस, तुमचे घरच तसले" हे सांगण्याचा अधिकार मात्र त्याला कोणी दिलेला नाही. पहिल्या वाक्यानंतर मुलाला परत फिरता येते. दुसऱ्या वाक्याने आपण त्याच्या मागचे दार लावून घेतो.

छाप कोणाची?

परुश्यांनी प्रभूला कराविषयी पेचात पकडावयास पाहिले, तेव्हा त्याने एक नाणे मागून घेतले आणि त्यावर मुद्रा कोणाची आहे असे विचारले. कैसराची मुद्रा होती, म्हणून नाणे कैसराला देण्यास त्याने सांगितले. आणि जे देवाचे ते देवाला. नाण्यावर मुद्रा असते, तशी माणसावर कोणाची आहे? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात त्याचे उत्तर आहे. मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा उत्पन्न झाला. ती छाप जन्माने कमी होत नाही, धंद्याने पुसली जात नाही, पोलिसाच्या वहीत नाव चढले म्हणून नाहीशी होत नाही. पापाने ती मळते, हे खरे. पण मळलेले नाणे फेकून देत नाहीत, घासून लख्ख करतात.

आपला प्रभू स्वतः शिक्का मारलेल्यांपैकी एक होता, याचा आपल्याला फार लवकर विसर पडतो. त्याला खादाड व दारूबाज म्हटले, जकातदार व पापी यांचा मित्र म्हटले, भूत लागलेला म्हटले. शब्बाथ मोडणारा म्हणून त्याच्यावर ठपका होता. धर्माच्या सभेने व रोमी कायद्याने मिळून त्याला अपराधी ठरविले, दोन अपराध्यांच्या मध्ये टांगले आणि कोणालाही वाचता यावे म्हणून त्याच्या डोक्यावर तीन भाषांत पाटी लावली. त्या दिवशी शहरातील सर्व प्रतिष्ठित माणसांच्या मापाने वाट सोडून गेलेला मनुष्य तो होता. तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठविले, तेव्हा त्या सभेचा व त्या कायद्याचा निकाल वरच्या न्यायासनाने रद्द केला.

ज्यांचे तारण अशा प्रभूने केले, त्यांनी दुसऱ्यावर पाटी लावण्यापूर्वी हात आवरावा. येत्या रविवारी आपल्या उपासनालयात शेवटच्या बाकावर, किंवा दाराबाहेर, जो कोणी एकटा बसलेला असेल, त्याच्याजवळ जाऊन त्याचे नाव विचारू या, आणि पुढच्या रविवारी त्याला त्या नावाने हाक मारू या.

प्रार्थना : हे प्रभू, तुझी आज्ञा आणि आमची रीत यांतला फरक ओळखण्याची बुद्धी आम्हाला दे. जेथे तू नाही म्हटले आहेस तेथे आम्ही लाजू नये, आणि जेथे तू दार उघडले आहेस तेथे आम्ही कडी लावू नये. लोकांच्या भीतीने आम्ही पंगतीतून उठू नये म्हणून आम्हाला धैर्य दे. आमच्या हातांत सोपविलेल्या लहान मुलांच्या तोंडावर तुझीच छाप पाहण्यास आम्हाला डोळे दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.